तिसऱ्या क्रमांकाची जागा

शनिवार, २१ जानेवारी १९८४

नव्या वर्षाची ही वही तीन आठवडे कोरी राहिली. नोंद करण्याजोगे काही घडले नाही, आणि न घडलेल्याची नोंद करण्याची मला सवय नाही. आज मात्र दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत.

पहिली कचेरीची. आमची कंपनी अंधेरीला देशी संगणक बनवते. त्यावर चालणारी स्वतःची एक प्रोग्रामिंग भाषाही तिने तयार केली आहे. भाषेबरोबर गिऱ्हाइकाला तयार प्रोग्रामांचा जो संच दिला जातो, त्याला सगळे लायब्ररी म्हणतात. त्या विभागाचा मी प्रमुख आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर या खुर्चीवर कसा, असे नवे इंजिनिअर एकमेकांना विचारतात. ते जन्मले त्या सुमारास मी पंच-कार्डांची यंत्रे चालवत होतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. काल व्यवस्थापकांचे पत्र मिळाले: लायब्ररीतील नामावली-प्रकार सुधारून मेअखेर द्यावा.

नामावली-प्रकार ही साधी सोय आहे. एखाद्या जागी कोणकोणती नावे येऊ शकतात ते प्रोग्रामच्या आरंभीच सांगून टाकायचे. उदाहरणार्थ आलेले, तपासलेले, अडलेले, परत केलेले. पुढे प्रोग्रामर नावे लिहितो आणि यंत्र आपल्या सोयीसाठी त्यांना क्रमाने आकडे देते. तक्रारी अशा की छापताना नाव न येता आकडा येतो, आणि नावे चार असली तरी यंत्र नववा आकडाही मुकाट्याने स्वीकारते. दोन्ही दोष मला मान्य आहेत.

दुसरी गोष्ट घरची. सकाळी बावखलावर, म्हणजे आम्हा भाऊबंदांच्या सामाईक तळ्यावर, मोटर चालू होती. शनिवारी मला सुटी असते, त्यामुळे ही पाळी मी स्वतः सांभाळतो. सोमवारची माझी पत्नी हिल्डा सांभाळते. पाटाचे पाणी केळीत वळवत असताना क्लेमेंटीन आली. ही माझा धाकटा भाऊ गॅब्रिएल याची पत्नी. गॅब्रिएल गेल्या जुलैत माझगावला वारला. त्याच्या कंपनीची खोली सोडावी लागली म्हणून ती नोव्हेंबरापासून इथे गिरीजला, गॅब्रिएलच्या वाट्याच्या वाडीतल्या जुन्या खोलीत राहते. तिची वाडी माझ्या वाडीला लागून आहे, मध्ये फक्त बांध. अठरा वर्षे तिथे नारळ आणि गवत याखेरीज काही नव्हते.

तिला केळी लावायची आहेत. पाण्याची पाळी कोणत्या वारी मिळेल, असे तिने विचारले. मी पाळ्यांची वही आणून दाखवली. सोमवार माझा, मंगळवार चुलतभाऊ ज्युलियसचा, बुधवार ॲन्सेल्मचा, गुरुवार क्लाराबाईंचा, शुक्रवार थॉमसचा. घरे पाच आणि वार सहा असल्याने उरलेला शनिवार क्रमाने पुन्हा पहिल्याकडे, म्हणजे माझ्याकडे येतो. यात पक्षपात नाही, मोजणी आहे. रविवारी मोटर कोणीच लावत नाही.

तिने वही मिटून परत दिली आणि ती निघून गेली. रविवारी सर्वांना बोलावतो, असे मी तिला सांगितले आहे.

रविवार, ५ फेब्रुवारी

मागच्या दोन रविवारी कोणी ना कोणी लग्नाला गेलेले होते. आज मिस्सानंतर सर्व घरे आमच्या ओट्यावर जमली. आमचे बोलणे घरच्या बोलीत होते. या दैनंदिनीत मी ते प्रमाण मराठीत उतरवतो.

मी वस्तुस्थिती मांडली. बावखलाची वही १९५८ साली, वडिलांच्या पश्चात वाटण्या झाल्या तेव्हा मी सुरू केली. तेव्हा घरे सहा होती. १९६६ मध्ये गॅब्रिएल नोकरीसाठी माझगावला गेला, त्याचे नाव रद्द झाले आणि खालची नावे एकेक जागा वर घेण्यात आली. रद्द झालेले नाव पुन्हा घालण्याची तरतूद वहीत नाही.

ॲन्सेल्मने आपल्या बुधवारला धक्का लागणार नाही ना, एवढे तीनदा विचारले. थॉमसच्या मते मार्चनंतर बावखलाला पाच घरेच जड जातात. क्लाराबाईंनी रविवारचा विषय काढला, तेव्हा बाकीचे दचकले. आजवर रविवारी मोटर लागलेली नाही. ज्युलियस बराच वेळ पानाला चुना लावत होता. शेवटी म्हणाला, "पाणी वहीत नसतं, प्लासिड. बावखलात असतं."

मी त्याला म्हटले की वही नसती तर पाणीही राहिले नसते, सगळे भांडण्यातच गेले असते. यावर तो हसला. त्याचे हसणे मला लहानपणापासून आवडत नाही.

ठरले ते असे: क्लेमेंटीनने कळशीने लागेल तेवढे पाणी न्यावे, त्याला कोणाची हरकत नाही. पाळी देता येत नाही.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

पुण्याकडील एका गिऱ्हाइकाचे पत्र आले. त्यांचा शेतीचे पंप बनवण्याचा कारखाना आहे. दुरुस्तीला आलेल्या पंपांची स्थिती ते आमच्या नामावली-प्रकारात ठेवतात: आलेला, तपासलेला, सुट्या भागासाठी थांबलेला, दुरुस्त, परत पाठवलेला. यंदा त्यांनी सुट्या भागांचा साठा वाढवला आणि तिसरे नाव अनावश्यक म्हणून काढून टाकले. साहजिकच खालची नावे एकेक जागा वर आली. पण जुन्या टेपवर नावे नव्हती, आकडे होते. जो आकडा 'दुरुस्त' होता तो आता 'परत पाठवलेला' असा वाचला गेला. परिणामी दुरुस्त होऊन तयार असलेले त्रेचाळीस पंप गोदामात पडून राहिले, कारण कागदावर ते कधीच घरी पोचले होते. शेतकरी कारखान्यात येऊन बसले, तेव्हा उलगडा झाला.

मी उत्तराचा मसुदा केला: यादी बदलल्यावर जुन्या टेपा नव्याने तयार करणे ही गिऱ्हाइकाची जबाबदारी आहे.

मसुदा दिनानाथ चौधरींनी वाचला. ते भाषांतर विभागाचे, म्हणजे आमची भाषा यंत्राला समजावणाऱ्या प्रोग्रामचे प्रमुख. बोळिंजचे वाडीवाले, माझ्याच वयाचे. आम्ही डबा एकत्र खातो. त्यांनी कागद परत दिला आणि विचारले की नाव काढल्यावर खालच्यांना वर सरकवायला कोणी सांगितले होते. मी म्हटले, जागा रिकामी ठेवणे अव्यवस्थित दिसते. ते म्हणाले, दिसू दे.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

क्लेमेंटीनने केळीची दीडशे मुनवी, म्हणजे लागवडीचे कोंब, लावली. ओळी सरळ आहेत. पाण्याची हमी नसताना लागवड करू नये, असा निरोप मी हिल्डाबरोबर पाठवला होता. हिल्डा म्हणते की निरोप दिला. तिने तो कोणत्या शब्दांत दिला हे ती सांगत नाही.

बुधवार, ७ मार्च

राखेचा बुधवार. सकाळी मिस्सा करून कचेरीत उशिरा पोचलो. उपवासकाळात डब्यात मासळी नाही, त्यामुळे दिनानाथांची गैरसोय झाली. माझ्या डब्यातील बोंबलावर त्यांचा हक्क असतो, असे ते समजतात.

वाद मात्र झाला. त्यांचे म्हणणे: प्रत्येक नावाला एकदाच, कायमचा क्रमांक द्यावा. नाव वापरातून गेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. माझे म्हणणे: क्रमांक हा क्रमातून येतो, क्रम बदलला की क्रमांक बदलला पाहिजे, नाहीतर त्याला क्रमांक का म्हणावे?

"तुस्कानो," ते म्हणाले, "तुमच्या वर्गातला एखादा आजारी पडला, तर त्याचा हजेरी नंबर मास्तर दुसऱ्याला द्यायचे का?"

मी म्हटले की आमच्या शाळेत आजारी पडण्याची पद्धत नव्हती. ते हसले. घरी येताना मला उदाहरण पटले होते. त्यांना तसे अजून सांगितलेले नाही.

सोमवार, १९ मार्च

नव्या नियमांचा मसुदा पूर्ण केला. नावाचा क्रमांक लिहून द्यावा लागेल, तो आपोआप पडणार नाही. काढलेले नाव 'निवृत्त' म्हणून राहील आणि त्याची जागा राखलेली असेल. यादीत नसलेला आकडा आला तर यंत्र काम थांबवून तसे सांगेल. छापताना नावच छापले जाईल. या शेवटच्या नियमाबद्दल नव्या इंजिनिअरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या तिहींबद्दल कोणी काही बोलले नाही.

संध्याकाळी वाडीत फेरी मारली. माझ्या आणि क्लेमेंटीनच्या वाडीमधील बांध एका ठिकाणी पोखरलेला आढळला. खेकड्यांचे काम असावे. आज सोमवारची पाळी असल्याने पाटाला पाणी होते आणि त्यातले बरेचसे पलीकडे झिरपले होते. चिखल लावून बीळ बुजवले. हिल्डाला लक्ष ठेवायला सांगितले.

सोमवार, २६ मार्च

त्याच जागी पुन्हा बीळ. पुन्हा बुजवले. शनिवारी मी स्वतः दिवसभर पाटावर असतो, तेव्हा खेकडे येत नाहीत. माणसाची चाहूल त्यांना लागत असावी. पण मग हिल्डाची का लागत नाही, हे समजत नाही.

शनिवार, ३१ मार्च

बावखल बरेच खाली गेले. मोटर चार तासांवर चालत नाही, मग पाण्याबरोबर गाळ येतो. माझ्या चारशे केळींना आठवड्यातून दोनदा पाणी मिळते, त्यामुळे घड भरलेले आहेत. ज्युलियस बांधावरून जाताना म्हणाला की माझ्या केळी पाहिल्या की पाऊस पडून गेल्यासारखे वाटते. मी निगा हे कारण सांगितले.

क्लेमेंटीन कळशीने पाणी नेते. मी मोजले: सकाळी सहापासून नऊपर्यंत बावीस खेपा. एका मुनव्याला एक कळशी धरली, तरी दीडशेंना पाणी पोचायला सात दिवस लागतात, आणि वाळूच्या जमिनीत ते पुरत नाही. पश्चिमेकडील ओळी पिवळ्या पडल्या आहेत. ही आकडेवारी मी तिला सांगितली. तिने कळशी खाली ठेवली, पदराने मान पुसली, आणि मला विचारले की मोजायला मला किती वेळ लागला. मी म्हटले, तीन तास. ती पुन्हा कळशी उचलून गेली.

हिल्डाकडून कळले की विरारचा एक इमारती बांधणारा क्लेमेंटीनकडे दोनदा येऊन गेला. त्याला वाडी हवी आहे. पावसाआधी होकार मागतो. मुनवी जगली तर ती राहणार आहे, नाहीतर बोळिंजला त्याच्या इमारतीत एक खोली घेऊन वाडी देऊन टाकणार आहे. हे ऐकून मला काय वाटले ते मी तपासून पाहिले. वाईट वाटले, असे लिहितो. माझ्या वाडीला लागून चार मजली इमारत येणार याचे वाईट वाटले, की भावाची वाडी जाणार याचे, हे निश्चित करता आले नाही.

शुक्रवार, २० एप्रिल

शुभ शुक्रवार. मोटर बंद, सर्व वाड्या शांत. क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला क्लेमेंटीन आमच्या पुढच्या बाकावर होती. तिच्या तळहातांवर कळशीचे घट्टे आहेत. ती हात जोडायची तेव्हा दिसत. मी नजर पुस्तकात ठेवली.

या आठवड्यात पापनिवेदनाला गेलो होतो. माझी यादी नेहमीप्रमाणे कागदावर होती, पाच बाबी. फादरांनी विचारले, आणखी काही? मी यादी पुन्हा पाहिली आणि नाही म्हटले.

मंगळवार, २४ एप्रिल

लायब्ररीचे काम झाले. आता गिऱ्हाइकासाठी माहितीपुस्तिका. तिच्यात एक उदाहरण हवे, ज्यात जुन्या आणि नव्या नियमांचा फरक शेजारी-शेजारी दिसेल. पंपांचे उदाहरण देणे कारखान्याला आवडणार नाही. सहा नावांची, त्यातले मधले एक कमी झालेली, खरी वाटेल अशी यादी पाहिजे होती.

बावखलाची वही आठवली. ती उद्या कचेरीत नेतो. सहा घरे, सहा वार, तिसरे नाव गेलेले. उदाहरण म्हणून याहून नेटके सापडणार नाही.

गुरुवार, २६ एप्रिल

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

अकरा वाजता उदाहरण यंत्रावर चालवले. १९५८ ची सहा नावे दिली, तिसरे काढले, आणि सोमवार ते शनिवार प्रत्येक वारी कोण, हे दोन रकान्यांत छापायला सांगितले. उजवीकडे नवी लायब्ररी: सोमवार प्लासिड, मंगळवार ज्युलियस, बुधवार निवृत्त, गुरुवार ॲन्सेल्म, शुक्रवार क्लारा, शनिवार थॉमस. डावीकडे जुनी लायब्ररी: खालचे सगळे एकेक जागा वर, आणि शेवटचे नाव संपल्यावर पुन्हा पहिले. सोमवार प्लासिड, शनिवार प्लासिड.

डावा रकाना माझ्या वहीशी अक्षरशः जुळत होता. पडताळणी म्हणून ते समाधानकारक होते. मग वर पाहिले. पुस्तिकेसाठी त्या रकान्याला मथळा मीच दिला होता: 'चुकीचे वाचन'.

दिनानाथ डबा घेऊन आले. त्यांनी कागद हातात घेतला. बोळिंजला त्यांच्या घराचीही विहिरीवर पाळी आहे, त्यामुळे कागद कशाचा आहे हे त्यांना सांगावे लागले नाही. तिसरा कोण, एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, भाऊ. वारला. त्याची बायको परत आली आहे. ती कळशीने पाणी नेते, हेही सांगितले. का सांगितले ते माहीत नाही.

त्यांनी डाव्या रकान्यातल्या शनिवारवर बोट ठेवले.

"म्हणजे अठरा वर्षं तिचा वार तुम्ही उपसताय."

"वहीप्रमाणे," मी म्हणालो.

त्यांनी डबा उघडला. दोघेही जेवलो. नंतर ते एवढेच म्हणाले की उदाहरण बदला, हे छापू नका.

शुक्रवार, २७ एप्रिल

कचेरीला गेलो नाही. सत्तावीस वर्षांत आजारपणाशिवाय घेतलेली ही पहिली रजा.

माझ्या सर्व दैनंदिन्या कपाटात वर्षवार आहेत. १९६६ ची काढली. ११ जून, शनिवार. माझेच अक्षर, तेव्हा जरा तिरके होते. नोंद जशीच्या तशी उतरवतो:

'गॅब्रिएल आज माझगावला गेला. जाताना म्हणाला की परत आल्यावर पाळी परत द्यावी, तोपर्यंत दादाने पाणी वापरावे. त्यास होकार दिला. वहीत अशा नोंदीसाठी रकाना नाही. सबब नाव रद्द करून यादी सरळ केली.'

ही नोंद मी विसरलो होतो. विसरलो होतो हे खरे आहे, हे मी तीनदा स्वतःला विचारून खात्री करून घेतले. परंतु फेब्रुवारीत ओट्यावर बसून 'तरतूद नाही' असे मी म्हणालो, तेव्हा हे कपाट माझ्या पाठीमागे सहा हातांवर होते, आणि मी ते उघडले नाही.

एक नाव दोन अवस्थांत असू शकते, असे मी तेव्हा धरले: आहे किंवा रद्द. 'गेला आहे, परत येणार आहे' ही तिसरी अवस्था होती. ती मी यादीत घातली नाही.

हिल्डाला नोंद वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. निम्मे पाणी गेले तर आपल्या निम्म्या केळी सोडाव्या लागतील, असे मी म्हटले.

"सोडा," ती म्हणाली. तिने वर पाहिले नाही.

रविवार, २९ एप्रिल

मिस्सानंतर पुन्हा ओटा. मी १९६६ ची नोंद सर्वांसमोर मोठ्याने वाचली. नंतर प्रस्ताव मांडला: यादी १९५८ प्रमाणे पूर्ववत करावी. तिसरा क्रमांक आणि बुधवार क्लेमेंटीनला, ॲन्सेल्म गुरुवारी, क्लाराबाई शुक्रवारी, थॉमस शनिवारी.

ॲन्सेल्म लगेच उठला. त्याचा गडी बुधवारीच येतो. क्लाराबाईंचा शुक्रवारी बाजार असतो. थॉमसने शनिवारी आपल्याला भजनाच्या सरावाला जावे लागते, असे सांगितले.

ज्युलियस पान चघळत होता. "अठरा वर्षं दोनदा प्यालास तू," तो म्हणाला, "आणि वार आम्ही बदलायचे? वा रे तुझी वही."

कोणी हसले नाही. ते हसले असते तर मला बरे वाटले असते.

मग क्लेमेंटीन बोलली. ती ओट्याच्या पायरीवर बसली होती, वर आली नव्हती.

"भावोजी, मला बुधवारच पाहिजे असं मी कुठं म्हटलं? मला पाणी पाहिजे. कुठल्याही वारी द्या."

हा पर्याय मला सुचला नव्हता, असे लिहिणे खरे ठरणार नाही. तो मला शुक्रवारीच सुचला होता. सर्व घरांना हलवून यादी पूर्ववत करणे हे नियमाला धरून होते, आणि त्यात शनिवार मी देत नव्हतो, यादी घेत होती. मी तो साधा पर्याय शेवटी ठेवला होता.

"शनिवार घे," मी म्हणालो.

वहीत नवे पान घातले. क्रमांक तीन, गॅब्रिएल, आणि खाली क्लेमेंटीन. वार: शनिवार. क्रमांक आणि वार आता जुळत नाहीत. पान विचित्र दिसते. सर्वांनी सह्या केल्या. ज्युलियसने सही करताना माझ्या पेनाचे कौतुक केले. क्षमा हा शब्द कोणी उच्चारला नाही, मीही नाही. तो उच्चारण्यासाठी मी ओट्यावरून दोन पायऱ्या उतरलो होतो, पण क्लाराबाई मध्ये आल्या आणि पाण्याच्या पाइपाबद्दल विचारू लागल्या.

गुरुवार, ३ मे

लायब्ररीत एक बदल शेवटच्या क्षणी केला. नावाचा क्रमांक ही त्याची ओळख. यादीतील त्याची पाळी ही वेगळी बाब. दोन्ही वेगवेगळ्या सांगता आल्या पाहिजेत. पहिली कायम, दुसरी बदलणारी. हे मी आधीच वेगळे करायला हवे होते.

दिनानाथांनी तपासून सही केली. पुस्तिकेत काय उदाहरण दिले, असे त्यांनी विचारले. फळांची नावे, मी म्हणालो. ते म्हणाले, फळे बरी. ती ओट्यावर भांडायला येत नाहीत. रविवारचे मी त्यांना सांगितलेले नव्हते. बोळिंज आणि गिरीज यांच्यात अंतर फार नाही.

पुण्याच्या कारखान्यालाही पत्र गेले. फेब्रुवारीचा मसुदा मी पाठवलाच नव्हता, हे आज फाइल चाळताना लक्षात आले. नव्या पत्रात चूक आमची होती असे लिहिले आहे.

शनिवार, ५ मे

सवयीने सहाला उठलो आणि फावडे घेऊन निघालो. बावखलाच्या काठाशी पोचलो तेव्हा मोटर चालू झालेली होती. क्लेमेंटीन साडी खोचून पाटात उभी होती. मला पाहून ती बाजूला सरकली. मी फावडे मागे धरले.

पाणी माझ्या केळींच्या कडेने गेले आणि पुढे वळले. माझ्या केळींना आज पाणी नव्हते. हे पाहण्यात काही विशेष नाही, पण मी पाहत उभा राहिलो.

नंतर तिच्या वाडीत गेलो. दीडशेपैकी जिवंत मुनवी मोजली: एकसष्ट. "मोजू नका, भावोजी," ती म्हणाली, पण मोजून झाली होती. विरारच्या माणसाला नाही सांगितले, असे तिने मला सांगितले. मोकळ्या जागी नवी मुनवी पावसाच्या तोंडावर लावणार आहे. ती माझ्या वाडीतून घ्यावीत असे मी सुचवले. बघू म्हणाली.

एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. एकसष्टपैकी सोळा मुनवी इकडे-तिकडे विखुरलेली आहेत. उरलेली पंचेचाळीस सलग तीन ओळींत आहेत, आणि त्या तिन्ही ओळी माझ्या बांधाला लागून आहेत. कळशीच्या पाण्याने असे होत नाही.

मी बांधाजवळ गेलो. खेकड्यांचे बीळ पुन्हा उघडे होते. मार्चपासून मी ते सात सोमवारी बुजवले आहे, पण इतक्या जवळून वाकून पाहिले नव्हते. खेकड्याचे बीळ गोल असते. हे चौकोनी आहे, कडा सरळ कापलेल्या. पट्टी आणून मोजले: रुंदी नऊ इंच.

गोठ्यात दोन फावडी आहेत. माझे बारा इंचांचे. हिल्डाचे नऊ.

बीळ बुजवले नाही. हिल्डाला काही विचारले नाही. परवा सोमवार आहे, पाळी तिची आहे.